अक्राच्या ट्रोट्रोत मराठीतून भांडले

मंडळी, आज घानामध्ये, अक्रा शहरात, पहिल्यांदाच एकटी ट्रोट्रोने बाजाराला निघाले. ट्रोट्रो म्हणजे इथली शेअर मिनीबस, आपली नेरळ-पोशीर मिनिडोरच. भरल्याशिवाय हलत नाही.

वाटेत ट्रॅफिक लागलं आणि ड्रायव्हरने बाजाराच्या बरंच अलीकडे सगळ्यांना उतरायला सांगितलं. शेजारची ऐंशीच्या घरातली आजी टोमॅटोची जड पाटी उचलून मुकाट्याने उठायला लागली. मी तिचा हात धरला.

"बस गं आजी! ए दादा, बाजार म्हणालास ना? मंग बाजारातच सोड. आमी उतरणार नाय!"

रागात मराठीच निघालं. मग मागची बाई खो खो हसत परत खाली बसली, आणि कुणीच उठेना. ड्रायव्हरने निमूट गाडी थेट बाजारात नेली.

परमुलखात मराठीत भांडून तुमचं कधी काम झालंय का?