मागे राहिलेल्यांची टोळी

“फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर,” एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. “गुरुजी, खुब्याचं हाड मोडलंय. पडून किती दिवस झाले?”

“तीन.”

“आणि तीन दिवस चालत होतात?”

फीमर म्हणजे मांडीचे हाड. त्याचा वरचा गोल खुब्याच्या वाटीत बसतो. गोलाखालचा निमुळता भाग म्हणजे नेक, हाडाची मान. उतारवयात ऑस्टिओपोरोसिसमुळे, म्हणजे हाडे आतून विरळ झाल्यामुळे, ही मान साध्या पडण्यानेही मोडते. कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना, चालू शकतो. माझे तसेच झाले होते. म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना प्रथम हे सांगतो: पडल्यानंतर जांघेत कळ येत असेल, तर चालता येते एवढ्यावरून हाड शाबूत आहे असे समजू नका.

मी कोणाला बोललो नाही, त्यालाही कारण होते. आमचे गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या पुढे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, की गावात बहुतेक आम्ही म्हातारेच उरतो. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गेलेल्या माणसाला हंगाम अर्धा टाकून परतता येत नाही. त्यामुळे मागे राहिलेल्यांची एक रीत पडली आहे: फोन आला की ‘समदं बरं हाय’ एवढेच सांगायचे. माझा मुलगा प्रशांत ऊस तोडत नाही. पुण्यात नोकरी करतो. तरी ती रीत माझ्याही अंगी भिनली होती. ओट्यावरून पडलो त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, ‘नाना, बरे आहात ना?’ मी म्हणालो, सगळे बरे आहे. बोलणे संपले, तरी फोन बराच वेळ माझ्या हातातच होता.

चौथ्या दिवशी सकाळी मला उठताच येईना. शेजारच्या भामाबाईने हाक ऐकली. तिचे आयुष्य उसाच्या फडात गेले. आता गुडघे गेले, म्हणून मुलगा-सून जातात आणि ती मागे राहते.

“सांगितलं कावून न्हाई, गुरुजी? आमी काय मेलो होतो?” असे म्हणत तिने जीप बोलावली, आणि प्रशांतला फोनही तिनेच केला.

बीडच्या रुग्णालयात रक्त, ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. मग हेमिआर्थ्रोप्लास्टी केली. म्हणजे मोडलेला गोल काढून त्या जागी धातूचा बसवतात. दुसऱ्याच दिवशी मला वॉकर धरून उभे केले. पडून राहिल्यास पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते.

“ऑपरेशन माझं काम होतं,” डॉक्टर म्हणाले. “चालणं तुमचं. पण सोबत माणूस पाहिजे. गावात कोणी नसेल, तर मी तुम्हाला तिकडे सोडणार नाही. मुलाकडे जा.”

रजा काढून आलेल्या प्रशांतने पुण्यात नवव्या मजल्यावरच्या घरी माझ्यासाठी खोली तयारही केली होती. त्याची आई ज्या घरात गेली, ते घर सोडून जाण्याची माझी इच्छा नव्हती. आणि मुलाने माझ्या खाटेजवळून उठू नये, अशीही इच्छा होती. या दोन्ही इच्छा एकत्र पुऱ्या होणाऱ्या नव्हत्या. त्याची रजा संपली. तो निघाला तेव्हा जिन्यापर्यंत त्याच्या चपलांचा आवाज मी ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भामाबाई आणि गावातलेच म्हातारे किसनराव खाटेपाशी हजर झाले. किसनरावांचे पाय पोलादाचे, पण नजर अधू.

सिस्टर हसून म्हणाल्या, “आजी, यांना सांभाळायला आलात, की स्वतः ॲडमिट व्हायला?”

“जागा हाय का? मंग टाक दोन खाटा!” भामाबाई म्हणाली. “अगं, पाय यांचे, डोळे माजे. झाला की एक कोयता!”

ऊसतोडीत जोडीने काम करणाऱ्या दोघांना मिळून एक कोयता मोजतात. तिने गावातल्या म्हाताऱ्यांच्या अशाच जोड्या लावल्या होत्या. कानाने कमी असलेल्यासोबत ऐकू येणारा, गुडघे धरलेल्यासोबत चालणारा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीला तिकीट नाही, त्यामुळे पाळी चुकत नसे. या टोळीची मुकादम अर्थात तीच.

वॉकरचा नियम सोपा आहे: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. किसनराव मला बैल हाकल्यासारखे चालवत. “हां, हां, सर्जा! फुडं!” सगळा वॉर्ड हसे. मीही हसे, आणि पाऊल पडे.

घरी सोडण्याच्या दिवशी प्रशांत गाडी घेऊन आला. माझे कपडे त्याने पुण्यासाठी भरले होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, “गावी यांच्याजवळ कोण?”

भामाबाईने वारानुसार जोड्या म्हणून दाखवल्या. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि प्रशांतकडे पाहिले.

त्याने हातातली कपड्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “मावशी, मलाही पाळी लावा. शनिवार-रविवार.”

“लावते की. पर एकट्याचा कोयता होत न्हाई, बाबा. तुज्या जोडीला कोण?”

पुण्याला गेल्यापासून त्याची बोली पार बदलली आहे. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, “नाना हायत की.”

मी गावी आलो. मांडी घालून किंवा उकिडवे बसत नाही. शौचाला खुर्ची वापरतो. ओट्याला कठडा बसवला आहे. ज्यांच्या घरी असे कोणी एकटे असेल, त्यांनी एवढे तरी करावे. माझ्या टोळीचे ऋण कसे फेडावे, हे मला ठाऊक नाही.

प्रशांतला प्रत्येक शनिवार साधत नाही. गेल्या शनिवारी मी काठी घेऊन एकटाच फाट्यापर्यंत गेलो. पुण्याच्या बाजूने आलेल्या दोन-तीन गाड्या न थांबता पुढे गेल्या आणि मी परत आलो. पाय मुळीच दुखला नाही.