धुळवडीला न हललेला ढोल

रोमच्या लोकराज्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही. ज्यांच्या घरी दोन पिढ्या पुस्तके आहेत, त्यांनी ते काम करावे. माझ्या घरी टोपली आणि फावडे होते. तरी लिहितो आहे, कारण त्या इतिहासातला एक धडा मी आमच्याच गावावर चालवून पाहिला. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

आमचे गाव कळव्याच्या बाजूला, खाडीला लागून. भातशेती आणि मिठागरे दोन्ही एका मातीच्या बांधाच्या भरवशावर. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, आणि ते शेत पुढे कित्येक वर्षे भाताच्या कामाचे राहत नाही. म्हणून आमच्यात एक रीत होती. ज्याच्याकडे त्या वर्षी बांधाची देखरेख, त्याच्या ओटीवर गावाचा ढोल. ढोल वाजला की प्रत्येक घरातून एक माणूस निघालाच पाहिजे, मग घरात लग्न असो की आजारपण. धुळवडीच्या सकाळी ढोल पुढच्या घरी जाई. माणूस कितीही हुशार असो, वर्ष एकच.

माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना मी काका म्हणे, त्यांच्या वर्षी बांध दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो उभा केला. माणूस कर्तबगार, हे मला आजही नाइलाजाने लिहावे लागते. धुळवडीला लोकच म्हणाले, माती अजून ओली आहे, यंदा तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या वर्षी कोणी काही म्हणालेच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. आमच्याकडे ढोल कधीच आला नव्हता. आजोबा पाळी येण्याआधीच वारले. वडिलांनी ढोल टांगायला ओटीवर नवी खुंटी ठोकून ठेवली होती.

मी तेव्हा मुंबईच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. परीक्षेला नेमलेला रोमचा इतिहास नुकताच वाचला होता. तिथेही अधिकार एका वर्षाचा. तिथेही लढाई चालू आहे म्हणून एकाची मुदत वाढवली, मग दुसऱ्याची. आणि वर्ष संपले हे त्यांना तोंडावर सांगणारा पुढे कोणी उरला नाही. धुळवडीला सगळे जमले असताना हे मी उभे राहून सांगितले.

“ह्यो रोम कुठं आला रं? मुंब्र्याच्या पल्याड?” एकाने विचारले. सगळे हसले.

काका हसले नाहीत. “त्यांचा बांध कोन घालीत होता? तुझा मास्तर?” मग वडिलांकडे वळून म्हणाले, “पोराला शिकवलास ना? आता उधान आला का त्याची बुकाच लाव भगदाडाला.”

वडील मान खाली घालून उभे राहिले. ढोल जागचा हलला नाही.

मला त्या माणसाचा असा द्वेष वाटला की रोम विसरलो. काकांनी पाळी मोडून ढोल अडवला आहे, असा ठाण्याच्या सरकारी कचेरीत द्यायला दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला.

“नको देऊस,” वडील म्हणाले. “आपल्यातला भांडन आपल्यात ऱ्हाऊ दे.”

“बाबा, तुम्ही त्यांना भिता,” मी म्हणालो आणि अर्ज घेऊन ठाण्याला गेलो.

अर्जाचा निकाल आमच्या बाजूने लागला नाही, काकांच्याही नाही. गावात तंटा आहे, सबब बांध सरकारच्या देखरेखीखाली. त्यावर कल्याणचा एक मुकादम. आणि ढोल, तंट्यातली वस्तू म्हणून, कचेरीत जमा. शिपाई तो घेऊन गेला तेव्हा एक म्हातारी माझ्या पायाशी थुंकली. विहिरीवर बायका आईच्या घागरीला जागा देईनाशा झाल्या.

मुंबईला परतल्यावर मी इतिहासाचा पुढचा भाग वाचला. एका माणसाला आवरायचे म्हणून रोमच्या सभेने दुसऱ्याच्या हाती सैन्य दिले, आणि शेवटी सभा नुसती मान डोलवायला उरली. तो भाग परीक्षेला नेमलेला नव्हता.

भाद्रपदात वडिलांचे पत्र आले. अक्षर शाळामास्तरांचे, बोलणे वडिलांचे.

“अमावास्येच्या उधाणाला दुपारी बांध फुटला. मुकादम कल्याणला होता. मी घरोघर हाका मारल्या. लोक ओटीवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ढोल कुठे वाजला? बांध सरकारचा आहे, सरकार बांधील. मी गेलो तर तुझे काका आधीच तिथे माती टाकत होते. मीही टाकली. कमरेला पाणी लागले तेव्हा दोघे दोन वाटांनी परत आलो. सगळी शेते खारी झाली. ओटीवरची खुंटी मी काढून टाकली आहे. तू परीक्षा दे.”