राजनंदिनी हजर होती, असं मी लिहिलं

राजनंदिनी आवाज चढवत नाही, हीच माझी काळजी आहे. चढवला असता तर 'पोरगी तापट हाय' म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. ती हळू बोलते आणि बोललेलं मागे घेत नाही. उद्या अकरा वाजता पंचायत समितीचे विस्तार अधिकारी गावात चौकशीला येणार आहेत, आणि माझी मुलगी त्यांच्यासमोर एकटी उभी राहणार आहे. ती झोपली आहे, उशाशी पुस्तक घेऊन. मला मात्र झोप नाही.

दिंद्रुडपासून पाच किलोमीटरवर आमचं गाव. राजनंदिनीला आता तेविसावं लागलंय. बी.ए. झाल्यावर स्थळं यायला लागली, तेव्हा तिनं माजलगावच्या कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं. राज्यशास्त्र. तिचे पप्पा म्हणाले, "राज्यशास्त्र शिकून काय राज्य करणार हायस का?"

"न्हाई पप्पा. आपल्यावर कोण करतंय, ते बघणार हाय."

दिंद्रुडपर्यंत सायकल, पुढे बस. जागा मिळाली नाही तर उभ्यानं वाचते.

'आधुनिक राजकीय सिद्धांत' हा तिचा सगळ्यात आवडता पेपर. मीही बी.ए. आहे, पण त्या संकल्पना मी पाठ केल्या आणि परीक्षेच्या बाकावरच ठेवून आले. ही त्या घरी आणते. भाकरी थापताना विचारते, "आई, सत्ता आणि अधिसत्ता, फरक काय?"

"तवा तापलाय, एवढं मला कळतंय."

"ऐक तर. सरपंच सुभद्राबाई. खुर्ची त्यांची, म्हणजे अधिसत्ता त्यांची. पण गावात कुठलं काम होणार ते त्यांचा पोरगा अमरसिंह ठरवतो. ती सत्ता."

"हळू बोल. भिंतीला कान हायत."

"बघ, हीच ती सत्ता," म्हणाली आणि भाकरी उलटली.

'संमती'पाशी मात्र ती आठ दिवस अडली. राज्य लोकांच्या संमतीनं चालतं, असं पुस्तक म्हणतं. मग ती संमती घेतली कधी? एके दिवशी तिनं मला विचारलं, "आई, गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं का?" मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आपल्या गावात तरी तसंच हाय." तिनं ते वहीत लिहून घेतलं.

त्यावरच तिनं कॉलेजचा प्रकल्प घेतला: आपल्या गावची ग्रामसभा. ग्रामसेवकांकडे सव्वीस जानेवारीचं रजिस्टर मागितलं. पोरीच्या अभ्यासाचं कौतुक वाटून त्यांनी दिलं. तिनं पानांचे फोटो काढले आणि संध्याकाळी उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसून मोठे करून वाचायला लागली.

ठराव होता अंगणवाडीच्या भिंतीमागच्या गायरानात खडी क्रशर टाकायला हरकत नसल्याचा. मी त्या अंगणवाडीची सेविका आहे, चोवीस वर्षं. मला ठाऊकच नव्हतं.

"छबुबाई हजर," ती म्हणाली. "आई, शेजारच्या छबुबाई तर दिवाळीपासून कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेल्यात ना? मग अंगठा कुणाचा?"

मला हसू आलं. ग्रामसभा आमच्याकडे अशीच होते. झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली, की माणसं घरी. मग चार दिवसांनी शिपाई बद्रीनाथ रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो. वर पान कोरं असतं, खाली सह्या करायच्या. ठराव नंतर उमटतो.

तिचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"ही सही माझी न्हाई."

घरातली शिकलेली बाई मी. शेतात गेलेल्याची, कॉलेजला गेलेल्या पोरीची, सगळ्यांची सही मीच करते. त्या दिवशीही बद्रीनाथ दारात उभा होता, माझे हात पिठाचे होते, मी पदराला पुसून तीन सह्या ठोकल्या होत्या.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मला का विचारलं न्हाईस, आई?"

दुसऱ्या दिवशी तिनं पंचायत समितीत तक्रार दिली: मी हजर नव्हते, सही माझी नाही. कुणाची, ते लिहिलं नाही.

"विचारलं तर?" मी म्हटलं.

"माहीत न्हाई म्हणणार. तुझी नोकरी हाय."

काल अमरसिंह आला. पलंगावर बसून चहा घेतला. "बाई, पोरीला म्हणू द्या की सही तिचीच हाय. विषय मिटला. न्हाईतर खोटी तक्रार म्हणून तिच्यावरच उलटंल."

राजनंदिनी हळूच म्हणाली, "अमरदादा, छबुबाईंचा अंगठाबी खराच म्हणायचा का?"

तो हसला. ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "पंडितकाका, लई शिकवली तुमी हिला."

मला वाटलं, हे मान खाली घालतील. ते म्हणाले, "आमी न्हाई शिकवली. तीच शिकली."

अमरसिंह कप अर्धा ठेवून गेला.

आत्ता तिची वही उघडली. 'संमती'च्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलंय: गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं. खाली, मुलाखत: आई, अंगणवाडी सेविका, वय ४६.

मी ती ओळ तीनदा वाचली. उद्या ही पोर, जी बोललेलं मागे घेत नाही, माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलणार. 'माहीत न्हाई' म्हणणार, आणि अमरसिंह तेच धरून तिला खोटी पाडणार. क्रशर सुरू झालं की ती धूळ माझ्या बत्तीस लेकरांच्या खिचडीत पडणार. आणि सगळ्याच्या खाली सही माझ्या हातची.

नोकरीचं काय व्हायचं ते होईल. नोटीस आली तर उत्तर लिहीन, तेवढं लिहिता येतं मला. छबुबाई पाडव्यानंतर परत येतील, तेव्हा त्यांनाही रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवीन.

अमरसिंह माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठा झाला. अजून मला बाई म्हणतो, फोन उचलतोच. मागून काही करायचं नाही, आधी त्याच्या तोंडावर सांगायचं: सही माझी आहे, मुलीला न विचारता केलेली, आणि उद्या अकरा वाजता साहेबांपुढे मी स्वतः ते लिहून देणार आहे.

रात्रीचे सव्वाअकरा झालेत. व्हॉट्सॲपवर तो जागा दिसतोय. फोन लावते.