व्हिलन नसलेल्या गोष्टी

सावंत मेट्रन सिनेमा निवडायला बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "यात व्हिलन आहे का?" मी हो म्हटलं की सिनेमा बाद. "अगं, व्हिलन दिसला की आपण सगळ्या सोज्वळ होऊन घरी जातो," त्या म्हणत.

कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलात दर शनिवारी दुपारी त्या नर्सेसना एखादी कथा वाचून दाखवत, नाहीतर सिनेमा लावत. मग चर्चा: हॉस्पिटल चुकतं तेव्हा नेमकं कोण चुकतं? निवडीला मदतनीस मी. दिव्याच्या घरून लोकलने पिशवीभर कथासंग्रह वाहून आणायची, त्यातली एखादीच कथा पास व्हायची. एकदा लाचखोर डॉक्टरांचा झकास सिनेमा आणला. "यात आपण कुठे आहोत?" एवढंच विचारून त्यांनी तो परत केला. मला रागच आला होता.

चर्चेत कुणी "मी तिच्या जागी असते तर..." म्हणू लागली की त्या हात वर करत. "ते नको. तुझ्यावर वेळ आली तेव्हा काय केलंस, ते सांग." शेवटी एखादी बोलायची, रडायची. त्या रागावत नसत, चहा पुढे करत.

एका शनिवारी त्यांनी एक कथा वाचली. वॉर्ड भरलेला, नर्स एकटी, आणि ती ताप न बघताच चार्ट भरते. दोनच महिन्यांपूर्वी मी हे केलं होतं, सात नंबरच्या बेडवरच्या आजींच्या बाबतीत. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या, कुणाला कळलं नाही. त्या दिवशी मेट्रननी सगळ्यांना विचारलं, मला सोडून. त्यांना ठाऊक होतं की काय, देव जाणे. पुढच्या शनिवारी सांगू म्हणत मी वर्ष घालवलं. मग त्या रिटायर झाल्या, आणि सहा महिन्यांत गेल्याच.

आता निवड मी एकटी करते. पुस्तक उघडलं की वाटतं, समोरून तो प्रश्न यावा. त्यांची फार आठवण येते. एकदा तरी त्यांच्या हातचा तो चहा घ्यायला हवा होता.

गेल्या शनिवारी मी रिकाम्या हाताने गेले. मुली म्हणाल्या, "सिस्टर, आज काय वाचायचं?"

"आज सात नंबरच्या बेडची गोष्ट," मी म्हटलं. "हिच्यात व्हिलन नाही. एक नर्स आहे. ती मी."