नातीचं नाव आणि माझा जळफळाट

मैत्रिणींनो, आज टाउनशिपच्या आमच्या क्वार्टरमध्ये नातीचं बारसं झालं. काय गोड आहे हो पोरगी! पण मी सकाळपासून जळतेय.

माझ्या लेकीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, कानात नाव सांगितलं, रमा. माझ्या सासूबाईंचं! दुसरं नाव कावेरी, विहीणबाईंच्या आईचं. विहीणबाई इतक्या मिरवत होत्या, की मी त्यांना घुगऱ्या मुद्दाम सगळ्यात शेवटी दिल्या.

मग मुलाला म्हटलं, "माझ्या आईनं काय घोडं मारलं होतं रे?"

"आई, नाव काय होतं त्या आजीचं?"

ती त्याच्या जन्माआधीच गेली. मीही कधी सांगितलं नाही. पाळण्यात वाकून आधी नातीला सांगितलं, "तुळसा."

तुमच्या मुलांना तुमच्या आईचं नाव ठाऊक आहे का हो?