खाचरांची गोधडी

जुन्या लुगड्याला उन्हाचा वास आला की मला आमच्या पासली गावातलं ते साल आठवतं. मालक झाडावरनं पडून अंथरुनाला खिळलं हुतं आन मी लोकांच्या गोधड्या शिवून घर चालवत हुते. गावचीच एक लेक, कामथडीला दिलेली, लई वर्सांनी माह्येराला आली. तिनं पोरीच्या बाळंतपनाला गोधडी सांगितली, बदल्यात दोन पायली तांदूळ. त्याच दिशी गवताला डोंगरावर गेले आन खाली बगितलं, तर भाताची खाचरं पान्यानं भरलेली, बांध कसं वळत वळत उतरल्यालं! काळीज नुसतं नाचाया लागलं. घरी आले, भारा टाकला आन तसंच वळनाचं टाकं घालाया बसले. सासूबाई वरडल्या, "अगं बये, डोस्कं फिरलं का? गोधडीला सरळ टाकं घालत्यात. तिनं न्हाई घेतली तर पोरं काय खात्याल?" म्या म्हनलं, "आत्याबाई, हातच थांबंना, काय करू?" ती बाई आली, गोधडी अंगनात पसरली. मग ती वाकून टाक्यावरनं बोट फिरवाया लागली. "वैनी, ही तर आमच्या माह्येरची खाचरं! ह्यो वरचा बांध, ह्यो वढ्याकडचा." तांदूळ ठेवलं, गोधडी काखंत मारली आन म्हनाली, "पोरीला दुसरी शिवा. हिच्यावर मीच निजनार." आता नजर अधू झालीया, पन त्या दिसापासनं म्या गोधडीला सरळ टाका घातला न्हाई.