इथवर बराबर

हैदराबादी सरांनी कुणाच्याही वहीत कधी फुली मारली नाही. गणित जिथं चुकायचं तिथं ते पेन्सिलीनं आडवी रेघ ओढत आणि रेघेच्या वर लिहीत, 'इथवर बराबर'. काहींची रेघ पहिल्याच ओळीच्या डोक्यावर येई. त्यांना सर लिहीत, 'प्रश्न बराबर उतरवला'.

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती. जालन्याचं आमचं कॉलेज नवंकोरं, भरायचं एका शाळेत. सर उर्दूत शिकलेले, आम्ही मराठीत, आणि पुस्तकं इंग्रजी. पहिल्याच तासाला सरांनी सांगून टाकलं की इंग्रजी दोन्हीकडून कच्ची आहे, तेव्हा कुणी कुणाला हसायचं नाही. एखादा शब्द अडला की ते खडू पुढं करून मराठी शब्द विचारत. सांगणारा फळ्यापर्यंत जाई, आणि गेलाच आहे तर गणितही सोडवून येई.

मी भोकरदनकडच्या धावड्याचा. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सहामाहीत गणितात नापास झालो, तेव्हा ट्रंक भरली आणि सरांच्या घरी निरोप घ्यायला गेलो.

"सर, मी गावाकडं चाललो. हे मला जमत न्हाई."

सरांनी माझा पेपर शोधून काढला. बराच वेळ बोट फिरवून पाहिलं.

"अडीच गणितं बराबर आहेत," ते म्हणाले. "तिसरं अर्ध्यात टाकून कुठं चालला? आधी ते पुरं कर. मंग जा."

मी बसलो. सरांच्या पत्नीनं दोनदा चहा दिला. गणित सुटलं तेव्हा भोकरदनची शेवटची मोटार निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात होतो. वार्षिक परीक्षेत पास झालो, काठावर.

पुढच्या वर्षी सरांच्या आई हैदराबादेत अंथरुणाला खिळल्या आणि सर नोकरी सोडून गेले. स्टेशनवर आम्ही अकराजण होतो. एक प्रकरण अर्धं राहिलं होतं. गाडी येईपर्यंत सरांनी ते छत्रीच्या टोकानं मातीत समजावलं.

त्यांच्या जागी आलेले सर मोठे विद्वान होते. इंग्रजी असं बोलत की ऐकत राहावं. आम्ही ऐकत राहिलो. महिन्याभरात वर्गात प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. दिवाळीनंतर माझ्या शेजारी बसणारा घनसावंगीचा दत्तू शिक्षण सोडून निघाला. मी त्याची वळकटी उचलली आणि त्याला मोटारीत बसवून आलो.